इव्हेको विकत घेतल्यानंतरचे काम : टाटा मोटर्सच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व संचालक मंडळ,
टाटा मोटर्स लिमिटेड (व्यावसायिक वाहने),
मुंबई.

विषय : इव्हेको समूहाच्या अधिग्रहणानंतरच्या एकत्रीकरणातील जोखमी.

महोदय,

आपल्या कंपनीचे थोडेसे समभाग बाळगून असलेला आणि भोसरी, चाकण परिसरातील सुट्या भागांच्या उद्योगात नोकरीचा काळ काढलेला मी एक सामान्य भागधारक आहे. ३० जुलै २०२५ रोजी आपण ट्रक आणि बस बनवणारा इटलीतील इव्हेको समूह, त्याचा संरक्षण व्यवसाय वगळून, सुमारे ३.८ अब्ज युरोंना विकत घेण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हापासून या व्यवहाराच्या किमतीवर भरपूर लिहून आले. एका समभागाला १४.१ युरो जास्त की रास्त, कर्ज किती आणि बाजाराला हे का आवडले नाही, हे प्रश्न अनेकांनी अनेक प्रकारे विचारले. किमतीची चर्चा मला पुन्हा करायची नाही, कारण ठरलेली किंमत आता माझ्या पत्राने बदलणार नाही. मला लिहायचे आहे ते व्यवहाराची पूर्तता झाल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांबद्दल. दोन कंपन्या एकमेकींत कितपत मिसळायच्या, कुठे मिसळायच्या आणि कुठे अजिबात मिसळायच्या नाहीत, हे आपण आधी ठरवले नाही तर प्रसंगच ते ठरवतील, आणि तसे झाल्यावर काय होते याचे दाखले टाटा समूहाच्याच इतिहासात आहेत.

या व्यवहाराचा विषय निघाला की कोणीतरी लगेच जग्वार लँड रोव्हरचे नाव घेतो. २००८ च्या जूनमध्ये फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना घेतलेल्या त्या कंपनीला लोक तेव्हा पांढरा हत्ती म्हणत होते, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच कंपनीने टाटा मोटर्सचा ताळेबंद उचलून धरला. ही गोष्ट खरी आहे. परंतु इव्हेकोसाठी तिचा दाखला देताना एक फरक सगळेच विसरतात. जग्वार लँड रोव्हर यशस्वी झाली ती तिचे एकत्रीकरण जवळजवळ न केल्यामुळे. पुण्यात बनणारी इंडिका आणि ब्रिटनमधल्या सोलीहलमध्ये बनणारी रेंज रोव्हर यांच्यात सामाईक काहीच नव्हते, म्हणून मालकाने पैसा पुरवला, धीर धरला आणि कारभार तिथल्या लोकांवर सोपवला. इव्हेकोचे तसे नाही. इथे दोन्ही कंपन्या ट्रक, बस आणि हलकी मालवाहू वाहने बनवतात, आणि खरेदीचे समर्थन करताना आपण स्वतःच संयुक्त आकारमान, संशोधनखर्चाची विभागणी आणि भांडवलाचा अधिक चांगला वापर ही कारणे दिली आहेत. ही कारणे प्रत्यक्षात उतरायची असतील तर दोन्ही कंपन्यांना काही ना काही एकत्र करावेच लागेल. म्हणजे जग्वार लँड रोव्हरला ‘आहे तसे राहू द्या’ हे धोरण लाभले, तेच इथे वापरले तर खरेदीचा हेतूच उरत नाही. आणि ते सोडले तर त्या यशाचा दाखला देता येत नाही.

आणखी एक गोष्ट जोखमीच्या हिशेबात धरायला हवी. २०१८-१९ च्या तिसऱ्या तिमाहीत जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचे मूल्य ३.१ अब्ज पौंडांनी कमी दाखवावे लागले आणि टाटा मोटर्सला सुमारे २७ हजार कोटी रुपयांचा तिमाही तोटा झाला, तेव्हा तो धक्का पचवायला एकाच छत्राखाली अनेक व्यवसाय होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यावसायिक वाहनांचा व्यवसाय प्रवासी वाहनांपासून वेगळा झाला आहे. विभाजनाचा निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. पण त्याचा अर्थ असाही आहे की २०२४-२५ मध्ये सुमारे ७५ हजार कोटींची उलाढाल असलेली कंपनी आता एकटी उभी आहे आणि ती आपल्याहून जवळपास दुप्पट उलाढालीची, जवळपास १४ अब्ज युरोंची कंपनी घेत आहे. घरातली वाटणी अजून ताजी आहे. दोन कंपन्यांची संगणक-यंत्रणा, मनुष्यबळ आणि करार वेगळे करण्याचे काम ज्या लोकांनी आत्ता कुठे संपवले, त्याच लोकांवर आता त्याहून मोठे जोडकाम येणार आहे, आणि या थकव्याची नोंद कोणत्याही सादरीकरणात होत नसते.

लहान कंपनीने मोठी कंपनी घेण्याचा प्रसंग समूहात आधीही आला होता. २००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस ही युरोपीय पोलाद कंपनी घेतली तेव्हा टाटा स्टीलची क्षमता सुमारे ५० लाख टन होती आणि कोरसची सुमारे १.८ कोटी टन. ब्राझीलच्या सीएसएन या पोलाद कंपनीशी बोली लागली, एका समभागाला ४५५ पेन्सवर सुरू झालेला भाव ६०८ पेन्सवर थांबला आणि सुमारे १२ अब्ज डॉलरचा सौदा झाला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे : दीड वर्षाच्या आत जागतिक मंदी आली, २०१० मध्ये इंग्लंडमधल्या टीसाइडची भट्टी थंड झाली, २०१६ मध्ये स्कनथॉर्पच्या कारखान्यासह लाँग प्रॉडक्ट्सचा (रूळ, तुळया अशा लांब पोलादी मालाचा) व्यवसाय एका पौंडाला दिला गेला, जर्मनीच्या थिसेनक्रुपबरोबरची भागीदारी २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने अडवली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधल्या पोर्ट टालबोटची शेवटची झोतभट्टी बंद झाली. या सगळ्याचे खापर मंदीवर फोडणे सोपे आहे, आणि मंदीचा त्यात मोठा वाटा होताच. तरीही एक कारण फारसे बोलले जात नाही, आणि मला तेच आपल्यासाठी सर्वांत मोलाचे वाटते.

कोरस ही एक कंपनी नव्हतीच. १९९९ मध्ये ब्रिटिश स्टील आणि नेदरलँड्सची होखोव्हन्स यांच्या विलीनीकरणातून ती तयार झाली होती आणि टाटा स्टीलने ती घेतली तेव्हाही ते विलीनीकरण पचलेले नव्हते. २००३ मध्ये ॲल्युमिनियमचा व्यवसाय विकायचा ठरला तेव्हा डच बाजूच्या पर्यवेक्षी मंडळाने त्याला नकार दिला आणि लंडनमधल्या संचालकांना हात चोळत बसावे लागले. इतक्या उघड भांडणानंतर चार वर्षांनी ती कंपनी विकत घेणाऱ्याला वाटले की आपण एक कंपनी घेत आहोत. प्रत्यक्षात दोन हाती आल्या आणि त्यांच्यातला जुना हिशेबही हाती आला. शेवटी २०२१ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्स हे दोन व्यवसाय वेगळे करावे लागले, म्हणजे गाडी पुन्हा १९९९ च्या आधीच्या स्थानकावर आली. नेदरलँड्समधला आयमाउडनचा कारखाना दीर्घकाळ चांगला चालला, हेही न्यायाने सांगायला हवे. परंतु त्या कारखान्याची कमाई वेल्समधल्या तोट्यात जिरते, ही भावना तिथल्या कामगारांत वर्षानुवर्षे राहिली, आणि ही भावना कोणत्याही ताळेबंदात दिसत नव्हती.

आता इव्हेकोकडे पाहू. १९७५ मध्ये फियाटच्या ट्रक विभागासह ओएम, लान्चा, फ्रान्सची युनिक आणि जर्मनीची मागिरुस अशा तीन देशांतल्या पाच घराण्यांमधून इव्हेको उभी राहिली. पुढे ब्रिटनमधला फोर्डचा ट्रक व्यवसाय आला, स्पेनची पेगासो आली, बसमध्ये फ्रान्सची ह्युलिये आणि झेक प्रजासत्ताकातली कारोसा आली. मग ती शेतीची आणि बांधकामाची यंत्रे बनवणाऱ्या सीएनएच इंडस्ट्रियलमध्ये गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथून वेगळी होऊन स्वतंत्रपणे शेअर बाजारात आली. त्याच्या आधी, २०२१ मध्ये, चीनच्या एफएडब्ल्यू या वाहन कंपनीने ती घेण्याची बोलणी केली आणि ती फिसकटली. तिच्या अग्निशामक वाहनांचा मागिरुस हा व्यवसाय २०२५ च्या सुरुवातीला वेगळा विकला गेला, आणि संरक्षण व्यवसाय इटलीच्याच लिओनार्दो या संरक्षण कंपनीला देण्याचे आपल्या व्यवहाराबरोबरच ठरले. सुत्सारामध्ये डेली व्हॅन जोडणाऱ्या, ब्रेशियात युरोकार्गो ट्रक बनवणाऱ्या, माद्रिदमध्ये जड ट्रक बांधणाऱ्या किंवा आनोनेत बसवर काम करणाऱ्या कामगाराने एका नोकरीत किती मालक, किती फलक आणि किती ‘नवे पर्व’ पाहिले असतील, याचा विचार संचालक मंडळाने एकदा शांतपणे करावा. अशा लोकांना भाषणे आणि बोधचिन्हे हलवत नाहीत. ते आपल्या कृतीकडे पाहतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत जे दिसते त्यावरून पुढच्या दहा वर्षांचे मत बनवतात.

म्हणून माझी पहिली विनंती ही की पूर्ततेपूर्वी किंवा पूर्ततेबरोबर, इव्हेकोच्या आत जे जोड अजून कच्चे आहेत त्यांचा वेगळा अभ्यास व्हावा. इंजिने बनवणारी एफपीटी इंडस्ट्रियल आपल्याच ट्रक विभागाला काय भावाने आणि कोणत्या अटींवर इंजिने देते? तिचे बाहेरचे मोठे ग्राहक, विशेषतः जुन्या नात्यातली सीएनएच, नवा मालक आल्यावर काय करणार? उल्ममध्ये अमेरिकेच्या निकोलाबरोबर विजेवरील ट्रकसाठी भागीदारी झाली होती, इव्हेकोने ती २०२३ मध्ये स्वतःकडे घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निकोलाने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या कामातून आज कोणते तंत्र आणि कोणते लोक शिल्लक आहेत? हे प्रश्न वकिलांच्या तपासणीत येतातच असे नाही. यंत्रशाळेत उभ्या असलेल्या माणसाला त्यांची उत्तरे माहीत असतात.

आपल्या निवेदनात एक वाक्य आहे की दोन्ही कंपन्यांच्या कारखान्यांत आणि बाजारपेठांत लक्षणीय पुनरावृत्ती नाही. इव्हेकोचे मुख्यालय असलेल्या तुरिनच्या कामगार संघटनांसाठी हे वाक्य दिलाशाचे आहे, आणि ते खरेही आहे : युरोपात आपले कारखाने नाहीत आणि भारतात त्यांचे फारसे काही नाही. पण भागधारक म्हणून मी हे वाक्य दुसऱ्या बाजूने वाचतो. पुनरावृत्ती नसेल तर बंद करण्यासारखे काही नाही, म्हणजे विलीनीकरणातली सोपी बचतही नाही. उरते ती अवघड बचत : सामाईक खरेदी, सामाईक इंजिन व बॅटरी, सामाईक इलेक्ट्रॉनिक्स, सामाईक आराखडे. ही बचत वाहनाची नवी पिढी येईपर्यंत, म्हणजे पाच-सात वर्षे, हाती लागत नाही. तिचा खर्च मात्र पहिल्या वर्षापासून सुरू होतो. एकत्रीकरणाच्या फायद्याचा आकडा आपण जाहीर कराल तेव्हा त्यासोबत तो कोणत्या वर्षी मिळेल आणि त्यासाठी आधी किती खर्च करावा लागेल, हेही सांगावे, अन्यथा त्या आकड्याला अर्थ नाही.

पुढची गोष्ट मी जवळून पाहिलेली आहे, म्हणून थोडी सविस्तर लिहितो. भोसरीतल्या ज्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात होतो, तो एका मोठ्या समूहाने विकत घेतला. दोन्हीकडची संगणक-यंत्रणा एक करायचा दिवस ठरला आणि शनिवारी रात्री आमचे जुने पार्ट नंबर बंद झाले. सोमवारी सकाळी एका ट्रक कंपनीसाठीचे केबिन माउंटिंगचे ब्रॅकेट घेऊन निघालेला टेम्पो फाटकातच अडकला, कारण मालाला नवा नंबर मिळाला होता पण ग्राहकाच्या खरेदी आदेशावर जुना होता, आणि दोन्ही एकच आहेत हे यंत्रणेला कोणी सांगितलेले नव्हते. चलन निघेना. ब्रॅकेट तेच, भोके तीच, तपासणीचा शिक्का माझाच. पण कागदाच्या लेखी तो माल अस्तित्वातच नव्हता. असे पुढे बरेच महिने चालले. एकाच बोल्टचे दोन नंबर, म्हणून दोन ठिकाणी साठा, आणि तरीही लाइनवर तुटवडा. त्याहून वाईट गोष्ट उशिरा कळली. आमच्या स्टोअरमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना माहीत होते की अमुक एका फाउंड्रीचे पावसाळ्यातले कास्टिंग फोडून पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही, कारण त्यात ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, निघतात. हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नव्हते. एकत्रीकरणात दोन स्टोअर नकोत म्हणून त्यांना व्हीआरएस दिली गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात रिजेक्शन का वाढले हे शोधायला बाहेरून सल्लागार आणावे लागले.

हे एका लहान कारखान्याचे झाले. इव्हेकोत सुमारे ३६ हजार माणसे आहेत, आणि असे न लिहिलेले ज्ञान सुत्सारापासून ब्राझीलच्या सेते लागोआसपर्यंत पसरलेले आहे. त्यामुळे संगणक-यंत्रणा एक करण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने म्हणतो. जग्वार लँड रोव्हरवर २०२५ च्या ऑगस्टअखेरीस सायबर हल्ला झाला आणि उत्पादन आठवडेच्या आठवडे बंद राहिले. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने त्या देशाच्या अर्थव्यवस्थेचे नुकसान १.९ अब्ज पौंडांच्या घरात मांडले. एकमेकांत घट्ट गुंतलेल्या यंत्रणांची किंमत समूहाने नुकतीच मोजली आहे. हिशेबासाठी आवश्यक तेवढे जोडावे, कारखान्यांच्या यंत्रणा वेगळ्याच ठेवाव्यात, आणि दोन वर्षांनी त्या जोडण्याची खरोखर गरज आहे का हे पुन्हा तपासावे. सल्लागार कंपन्या याच्या उलट सांगतील. त्यांचे बिल जोडण्याचे होते, न जोडण्याचे होत नाही.

काय जोडावे आणि काय नाही याचा एक धडा रांजणगावात आहे, आणि तोही फियाटबरोबरचाच. २००७ च्या सुमारास टाटा आणि फियाट यांनी तिथे संयुक्त कारखाना उभारला. त्या भागीदारीत यंत्रशाळेतले जे होते ते टिकले : फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन टाटाच्या गाड्यांत वर्षानुवर्षे चालले आणि कारखानाही चालत राहिला. जे ग्राहकासमोर होते ते मात्र फसले. फियाटच्या गाड्या टाटाच्या शोरूममधून विकण्याची व्यवस्था अशी झाली की विक्रेत्याला दोन्ही सांभाळता येईनात आणि ग्राहकाला फियाटची गाडी कोणाची हेच कळेना. २०१२ मध्ये वेगळे होण्याचा निर्णय घ्यावा लागला. ट्रकच्या धंद्यात तर विक्रेता आणि सर्व्हिस हेच सर्वस्व. मिलानचा वाहतूकदार असो की वाशीचा, गाडी उभी राहिली की त्याचा हप्ता थांबत नाही, आणि ती किती तासांत रस्त्यावर येते यावर तो पुढची गाडी कोणाची घ्यायची ते ठरवतो. इव्हेकोच्या विक्रेत्यांच्या जाळ्याला आणि नावाला निदान पाच वर्षे हात लावू नये. इंजिन, ॲक्सल, बॅटरी, सॉफ्टवेअर आणि खरेदी या पडद्यामागच्या गोष्टींवर काम करावे. या वाटणीला मी अनुभवाने आलेली म्हणेन, तात्त्विक नव्हे. देवू व्यावसायिक वाहन कंपनी २००४ मध्ये अवघ्या १०.२ कोटी डॉलरना घेतल्यावरही असेच घडले : गुन्सानची कंपनी कोरियन कंपनी म्हणूनच चालू दिली, पण दोन्हीकडच्या अभियंत्यांनी मिळून जो ट्रक केला तो प्रायमा म्हणून २००९ मध्ये आला. उलट स्पेनच्या हिस्पानो कारोसेरा या बसबांधणी कंपनीत आधी २१ टक्के, मग २००९ मध्ये पूर्ण मालकी घेतली आणि २०१३ मध्ये सारागोसाचा कारखाना बंद केला. युरोपातील व्यावसायिक वाहनांचा आपला आजवरचा थेट अनुभव एवढाच आहे, आणि अधिकृत सादरीकरणांत त्याचा उल्लेख नसतो. तो असायला हवा.

मुदतीबद्दल. आपण वचन दिले आहे की मुख्यालय तुरिनमध्येच राहील, या व्यवहाराचा थेट परिणाम म्हणून कारखाने बंद होणार नाहीत आणि नोकरकपात होणार नाही, आणि अशी बंधने पूर्ततेनंतर दोन वर्षे पाळली जातील. वचन चांगले आहे. एक्सॉरसारख्या (अग्नेली कुटुंबाची गुंतवणूक कंपनी) मोठ्या भागधारकाला आणि इटलीच्या सरकारला ते हवेच होते. परकीय खरेदी अडवण्याचा ‘गोल्डन पॉवर’ नावाचा अधिकार त्या सरकारकडे आहे. पण अशा ठरीव मुदतीचा एक तोटा असतो : दोन वर्षे सगळे जण कॅलेंडरकडे पाहत राहतात. हुशार अभियंता दुसऱ्या वर्षीच दुसरीकडे अर्ज करतो, कामगार संघटना तिसऱ्या वर्षासाठी संपाची तयारी ठेवते, आणि इथले व्यवस्थापन ‘मुदत संपली की पाहू’ म्हणून अवघड प्रश्नांचे घोंगडे भिजत ठेवते. कोरसच्या बाबतीत पहिली दोन वर्षे बरीचशी अशीच गेली, आणि नंतरचे निर्णय मंदीने घ्यायला लावले. तिसऱ्या वर्षी काय करायचे ते आपण पहिल्या वर्षीच ठरवावे आणि संबंधितांना सांगावे, ते कटू असले तरी. युरोपात कामगार प्रतिनिधींना आधी विश्वासात घेणे हा शिष्टाचार नाही, बहुतेक देशांत तो कायदा आहे, हे मुंबईतल्या बैठकीत विसरले जाऊ नये.

आणि चक्राबद्दल. ट्रकचा धंदा चढउताराचा आहे हे आपल्याला मी सांगावे असे नाही. २०१८-१९ मध्ये देशात दहा लाखांवर गेलेली व्यावसायिक वाहनांची विक्री २०२०-२१ मध्ये ५.७ लाखांच्या आसपास आली होती, आणि त्या दिवसांत पिंपरीतले ब्लॉक क्लोजर (मागणी नसताना कारखाना काही दिवस बंद ठेवणे) आम्ही पुरवठादारांनी भोगले आहेत. युरोपात २००९ मध्ये जड ट्रकची मागणी जवळपास निम्म्यावर आली होती. कोरस आणि जग्वार लँड रोव्हर या दोन्ही खरेद्या नेमक्या मंदीच्या उंबरठ्यावर झाल्या. इथे त्यात भर पडते ती नियमांची : युरोपीय संघाने जड वाहनांच्या कार्बन उत्सर्जनात २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के, २०३५ पर्यंत ६५ टक्के आणि २०४० पर्यंत ९० टक्के कपात बंधनकारक केली आहे. मागणी घसरलेली असताना ही गुंतवणूक थांबवता येणार नाही, आणि थांबवली तर व्होल्व्हो, स्कॅनिया, डाइमलर पुढे निघून जातील. जड ट्रकमध्ये इव्हेको आधीच त्यांच्या मागे आहे. तिचे बळ डेलीसारख्या हलक्या वाहनांत आहे. खरेदीसाठी घेतलेले तात्पुरते कर्ज फेडून दीर्घ मुदतीचे कर्ज व भांडवल उभे करताना, मागणी तीस-चाळीस टक्क्यांनी घटलेले एक वर्ष गृहीत धरूनच हिशेब मांडलेला आहे, असे संचालक मंडळाने भागधारकांना सांगितले तर निम्मी काळजी मिटेल.

आमच्या पट्ट्याचा प्रश्न शेवटी विचारतो, कारण तो विचारला नाही तर इथले लोक मला विचारतील. सुमंत मुळगावकरांनी उभारलेल्या पुण्याच्या कारखान्याभोवती जे लघुउद्योग वाढले, त्यांना आज दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी वाटत आहेत : आता युरोपला माल जाईल ही आशा, आणि सामाईक खरेदीच्या नावाखाली मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरवठादारांना सगळे काम जाईल ही भीती. दोन्ही खऱ्या ठरू शकतात. ज्या पुण्याच्या अभियंत्यांनी १९८६ मध्ये जपानी भागीदारीतल्या चार-चार कंपन्यांसमोर ४०७ उभी केली आणि २००५ मध्ये ‘एस’ ही छोटी मालवाहू गाडी आणली, त्यांची कमी खर्चात विचार करण्याची पद्धत तुरिनला शिकवण्यासारखी आहे, आणि सुरक्षितता, उत्सर्जन व केबिनच्या बाबतीत तुरिनकडून शिकण्यासारखेही बरेच आहे. पण एका बाजूची मानके दुसऱ्या बाजूवर सरसकट लादली गेली तर इथला ट्रक महाग होईल किंवा तिथला स्वस्तातला वाटेल. या कंपनीचा १९५४ ते १९६९ पर्यंतचा तांत्रिक सहकारी असलेल्या डाइमलरनेच १९९८ मध्ये क्रायस्लरबरोबर ‘बरोबरीचे विलीनीकरण’ केले होते; नऊ वर्षांनी क्रायस्लरचा ८० टक्के हिस्सा दुसऱ्याला देऊन ते मोकळे झाले. अभियांत्रिकी मानकांवरून आणि कोण वरचढ यावरून झालेली ओढाताण त्याच्या मुळाशी होती.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. एकत्रीकरणासाठी एकच जबाबदार व्यक्ती नेमावी, तिचे नाव जाहीर करावे, आणि रोजच्या ट्रकविक्रीची जबाबदारी तिच्यावर टाकू नये. इव्हेकोचे उत्पन्न, नफा, कर्ज आणि सोडून गेलेल्या वरिष्ठ अभियंत्यांची संख्या हे आकडे निदान पाच वर्षे वार्षिक अहवालात वेगळे द्यावेत, भारतीय व्यवसायाच्या नफ्यात ते झाकून टाकू नयेत. एकत्रीकरणाचा खर्च ‘असाधारण बाब’ म्हणून दरवर्षी बाजूला काढला जाऊ नये. पाच वर्षे सलग येणारी बाब असाधारण नसते. पुणे, पंतनगर, लखनौ, जमशेदपूर आणि धारवाड येथील पुरवठादारांना सामाईक खरेदीचे धोरण लेखी कळवावे. आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या विषयाला प्रश्नोत्तरांतली पाच मिनिटे न देता स्वतंत्र वेळ द्यावा; मी ऑनलाइन उपस्थित राहून इंजिनांच्या दरांचा प्रश्न विचारणार आहे, त्याचे उत्तर तयार ठेवावे ही विनंती.

आपला विश्वासू,
एक भागधारक
चिंचवड, पुणे